अठरा पिना, एक दोरा

आधीच सांगून टाकते, हे मी चिडून लिहायलेय. "मम्मी, शांत डोक्यानं लिही," असं आमची पल्लवी म्हणाली. शांत डोकं ज्यांना असेल त्यांनी खुशाल वापरावं. माझा पाय जायची वेळ आली होती, आणि तीही कशानं, तर एका शब्दानं.

मी एसटीत कंडक्टर आहे, निलंगा डेपोला. सोळा वर्षं उभ्यानं काढली. माझ्या उजव्या घोट्याला आता दोन व्रण आहेत. आतल्या बाजूचा एवढा बारीक की पाय ओला असला तर दिसतसुद्धा नाही. बाहेरच्या बाजूचा बघा. मोठी गोम चिकटून बसलीय असं वाटतं, दोन्हीकडं पाय फुटलेले, आणि खालच्या टोकाला खड्डा. पाय एक, ऑपरेशन एक, दिवस एक. मग एक बाजू सोयरी आणि एक वैरी कशी झाली? ह्याचं उत्तर मला कुणी आपणहून दिलं नाही. मी ते भांडून भांडून काढलंय.

नांदेडचं स्टँड

निलंगा-नांदेड गाडी होती. स्टँडवर गाडी लागली, मी दार उघडलं आणि खाली उतरणाऱ्या एका म्हातारीचं गाठोडं धरायला वळले. शेवटच्या पायरीवर कुणीतरी केळाचं साल टाकलं होतं. मी साल न बघता पाय ठेवला. कट्ट असा आवाज आला, तो मी कानानं नाही, दातांनी ऐकला. खाली बघितलं तर पाऊल भलत्याच दिशेला तोंड करून बसलेलं.

आमच्या ड्रायव्हरनं मला उचलून रिक्षात घातलं. जवळच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे निघाला. डॉक्टर म्हणाले, "घोट्याची दोन्ही बाजूची हाडं मोडलीत. प्लेट टाकावी लागेल." मी विचारलं, "उभं राहता येईल का?" ते म्हणाले, "येईल." दुसरं काही विचारायचं सुचलंच नाही. कंडक्टरला उभं राहता आलं की सगळं आलं. नाही राहता आलं तर डेपोत कुठल्यातरी कोपऱ्यात टेबलामागं बसवतात, अन् मग बसल्या जागी आपली गाडी दुसरी बाई घेऊन जाताना बघायची. तीच एक भीती माझ्या मनात त्या दिवसापासून बसली.

आमचे हे संध्याकाळपर्यंत निलंग्याहून आले. हे म्हणजे माझे मिस्टर, ज्युनियर कॉलेजात क्लार्क आहेत. शांत माणूस. कागद दिसला की वाचतात, फाईल दिसली की लावतात. हे आले आणि मी पहिल्यांदा रडले.

खट, खट

ऑपरेशनला कमरेत इंजेक्शन दिलं होतं. कमरेखाली मी नव्हतेच, पण वर सगळी जागी होते. समोर हिरवा पडदा. हाडाचं काम झालं तेव्हा आधी ठोकाठोक ऐकू आली, मग बराच वेळ शांत. मग एक वेगळाच आवाज आला. खट. खट. खट.

पूर्वी आमच्याकडं तिकिटाला भोक पाडायचा पंच असायचा, अगदी तस्सा. सवय जाते का कुठं? मी मोजायला लागले. सोळा वर्षं माणसं मोजणारी बाई, पडून पडून दुसरं काय करणार? अठरा खट झाले. मग मोठे डॉक्टर कुणालातरी म्हणाले, "आतली बाजू तू दोऱ्यानं घे," आणि गेले. त्यांना दुसरं ऑपरेशन होतं. आतली बाजू एका तरुण डॉक्टरनं शिवली. त्याला लई वेळ लागला. मी मनात म्हणाले, हा बिचारा नवशिका दिसतोय, ह्याच्या हातचं काही खरं नाही.

बघा, कसं उलटं असतं!

पट्टी बांधून झाली, खाली प्लॅस्टर आलं. माझ्या पायात एका बाजूला दोरा आणि एका बाजूला लोखंडी पिना आहेत, हे मला कुणीही सांगितलं नाही. का सांगावं? पाय माझा होता, एवढाच काय तो माझा संबंध.

सुट्टीचा कागद

सुट्टीच्या दिवशी मोठे डॉक्टर खाटेपाशी आले. खरं सांगते, घड्याळ लावून बघितलं असतं तर अर्धं मिनिट भरलं नसतं. "हाड एकदम व्यवस्थित बसलंय. पाय टेकवायचा नाही. सहा आठवड्यांनी एक्स-रेला या. पिना-प्लेट दीड वर्षानं काढू." झालं! पुढच्या खाटेकडं गेले.

ह्यांनी मान हलवली, मी मान हलवली. आणि ह्यांनी तो कागद वाचला. सगळा इंग्रजीत. ह्यांना इंग्रजी येतं, पण ते कॉलेजचं इंग्रजी. तळाला कोपऱ्यात लिहिलं होतं एस. आर., आणि पुढं चौदा. डॉक्टरचं नाव एसनंच सुरू होतं आणि त्या दिवशी तारीख होती चौदा. ह्यांना वाटलं, डॉक्टरनं सही करून खाली तारीख टाकलीय. ऑफिसात तसंच असतं ना! तर त्याचा अर्थ होता सूचर रिमूव्हल, म्हणजे टाके काढणे, चौदाव्या दिवशी. सोळा ओळींचा कागद आणि कामाची गोष्ट दोन अक्षरांत. आता बोला.

बशीरभाई

चौदा दिवसांनी पट्टी वास मारायला लागली, म्हणून घरी बशीरभाईंना बोलावलं. ते पूर्वी एका डॉक्टरकडं कंपाउंडर होते, आता घरोघर जाऊन मलमपट्टी करतात. त्यांनी प्लॅस्टर बाजूला केलं, पट्टी सोडली आणि तेव्हा मी माझा पाय पहिल्यांदा बघितला. आत काळा दोरा. बाहेर चमचम करणाऱ्या पिना, कागदाला मारतात तशा, एका ओळीत.

"बया!" मी ओरडले. "हे काय ठोकलंय?"

बशीरभाई हसले. "बाई, ये आजकाल ऐसाच रहता. दोरा म्या काढतो, त्याचे दिवस भरले. पर ह्या पिना मेरे से नै निकलते. त्याला अलग पक्कड रहते. नांदेडला फोन लावून पूछो."

त्यांनी दोरा कापला, ओढला. मुंगी चावल्यासारखं झालं, संपलं. दहा मिनिटांत आतली बाजू मोकळी. ह्यांनी तिथंच नांदेडला फोन लावला, स्पीकरवर. तिकडून एक मुलगी बोलली.

हे म्हणाले, "मॅडम, पायाच्या पिना कधी काढायच्या?"

"पिना का? पिना-प्लेट दीड वर्षानं निघतात, काका. सहा आठवड्यांनी एक्स-रेला या."

तिची चूक म्हणावी तर ती आपल्या जागी बरोबर. तिला आतल्या पिना वाटल्या, हाडातल्या. आपल्याकडं सगळ्यालाच पिना म्हणतात. हाडात घालतात ती पिन, कातडीला मारतात ती पिन, साडीला लावतात ती पिन. एकाच शब्दात किती जणांनी बिऱ्हाड करावं!

बशीरभाई मान हलवत म्हणाले, "दीड साल? पता नै बाबा. बडे लोगां की बातां." आणि परत पट्टी बांधून गेले.

डॉक्टरनं सांगितलंय

तिसऱ्या आठवड्यात खाज सुटली. चौथ्यात बाहेरची बाजू लाल झाली. पाचव्यात खालच्या टोकाला पाणी यायला लागलं. मी रोज ह्यांना म्हणायची, "अहो, काहीतरी चुकायलंय. आतली बाजू बघा, कशी वाळली. बाहेरची कामून वाळंना?"

"डॉक्टरनं सांगितलंय ना, दीड वर्ष हात लावायचा नाही."

"डॉक्टरच्या पायात हाय का हे? माझ्या पायात हाय!"

"सुनंदा, आपण काय डॉक्टर आहोत का?"

हे वाक्य मी सत्तर वेळा ऐकलं असेल. माझ्या घरात भांडण असं नव्हतंच कधी, पण त्या पंधरा दिवसांत आम्ही एकमेकांशी पोळी-भाजीपुरतं बोलत होतो. मी वॉकर आपटायची, हे पेपरमागं तोंड लपवायचे. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना? माझी शब्दशः तिथूनच निघत होती.

पल्लवी लातूरला शिकायला आहे. एका संध्याकाळी तिच्याशी व्हिडिओवर बोलताना मी पट्टी सोडून फोन पायाकडं फिरवला. ती किंचाळलीच. "मम्मी, ह्यातून पू यायलाय! उद्या लातूरला ये. पप्पांना विचारू नको, सांग."

मी सांगितलं. ह्यांनी लगेच पिशवी भरली. त्यात नांदेडची सगळी फाईल घातली, एक्स-रेसुद्धा.

सकाळी आमच्या डेपोची लातूर गाडी माझ्या दारात आली. दारातच म्हणायची. ड्रायव्हरनं गल्लीच्या तोंडाला गाडी उभी केली, कंडक्टर बाईनं पुढचं सीट धरून ठेवलं, आणि गाडीतले चार प्रवासी उतरून मला खुर्चीसकट उचलून वर घेऊन गेले. एक जण म्हणाला, "रोज तुमी आमाला चढवता, आज आमचा नंबर." मी आयुष्यभर 'पुढं सरका' म्हणून ज्यांच्यावर ओरडले, तीच ही माणसं.

सतरा

लातूरच्या डॉक्टर बाईंनी पट्टी सोडली आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"अडतीस."

त्या ह्यांच्याकडं वळल्या. "ह्या चौदाव्या दिवशी निघायला हव्या होत्या."

"पण पिना दीड वर्षानं..." हे म्हणाले.

"अहो, त्या हाडातल्या! ह्या कातडीच्या आहेत. हा टाकाच आहे, फक्त लोखंडाचा. तुम्ही कागदाला मारता तसा."

हे ज्या ऑफिसात बसतात तिथं दिवसाला शंभर कागदांना पिना मारतात, शंभर काढतात. बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. मला बोलायचं होतं, "शाब्बास!" असं ओरडायचं होतं. ते तोंड बघून नाही ओरडले.

मी बाईंना विचारलं, "मग पिना वाईट असतात का? दोऱ्यानंच शिवायला पाहिजे होतं का सगळं?"

त्यांनी नीट बसून सांगितलं, हे त्यांचं मी विसरणार नाही. म्हणाल्या, "पिना वाईट नसतात. झटपट होतं, जखम जास्त वेळ उघडी राहत नाही. दोऱ्याला वेळ लागतो, शिवणाऱ्याचा हात लागतो. कुणी विरघळणारा दोरा वापरतात, तो काढावाच लागत नाही. ज्या त्या डॉक्टरची पद्धत, ज्या त्या जागेची कातडी. पण काहीही घाला, पेशंटला माहीत पाहिजे की काय घातलंय आणि ते कधी निघणार. तुमच्या पिनांनी काही वाईट केलं नाही. त्यांना मुक्कामाला ठेवलं, तिथं चुकलं."

मग खरी गोष्ट सांगितली. आतपर्यंत, म्हणजे प्लेटपर्यंत पू गेला असेल तर प्लेट काढावी लागणार. हाड अजून पुरतं जुळलेलं नाही. प्लेट काढली तर पुन्हा ऑपरेशन, आणि पाय पूर्वीसारखा होईल ह्याची खात्री त्या देऊ शकत नव्हत्या. मला डेपोतलं ते टेबल दिसायला लागलं.

सिस्टर एक लहान पक्कड घेऊन आली. चोच पिनेखाली घालायची आणि दाबायचं, की पिन वाकून वर येते. वेळेत काढली तर म्हणे टोचल्यासारखंही होत नाही. माझ्या पिनांवर कातडी चढली होती. एकेक निघताना जीव जाऊन परत येत होता. पल्लवीनं माझा हात धरलेला, हे भिंतीकडं तोंड करून उभे. मी मोठ्यानं मोजत होते. एक. दोन. अगं आई गं, तीन. सतरा झाल्या आणि सिस्टर म्हणाली, "झालं, मावशी. सगळ्या निघाल्या."

"एक राहिली," मी म्हणाले.

"नाही हो, दिसत नाही एकपण."

"दिसत नसंल. हाय. अठरा मारल्यात."

"ऑपरेशनमध्ये तुम्ही मोजल्या?" सिस्टरला हसू आलं.

"बाई, मी कंडक्टर हाय. गाडीत किती चढले आणि किती उतरले, ह्यात माझा आकडा चुकला तर मला घरी बसवतील. अठरा चढल्या. सतरा उतरल्या."

डॉक्टर बाई म्हणाल्या, आवाजाचं काही सांगता येत नाही, एखादी पिन वायाही जाते. त्यांचंही बरोबर होतं. मला रडू फुटायच्या बेतात होतं, की आता आपलंच खोटं ठरणार.

तेवढ्यात खिडकीपाशी सळसळ आवाज झाला. ह्यांनी फाईलमधून ऑपरेशननंतरचा नांदेडचा एक्स-रे काढला होता. तो उजेडावर धरून, बोट टेकवत टेकवत, ओठ हलवत मोजत होते. कॉलेजात पेपरचे गठ्ठे मोजतात तसे. दोनदा मोजलं. मग म्हणाले, "अठरा आहेत, मॅडम. ही बरोबर म्हणते." आणि माझ्याकडं वळून, "ही पहिल्यापासून बरोबर म्हणत होती."

भिंतीला नाही, मला ऐकू जावं म्हणून म्हणाले. पंधरा दिवसांचं मोडलेलं तिथं जागेवर बसलं.

नवा एक्स-रे काढला. अठरावी पिन खालच्या टोकाला, खपलीच्या खाली, कातडीत तिरपी रुतून बसलेली. तिथंच पू होता. बाईंनी ती जागा सुन्न करून बारीक छेद दिला, पिन काढली आणि तिच्यामागून जे आलं ते मी लिहीत नाही.

पुढचे तीन आठवडे इंजेक्शनं, गोळ्या, एक दिवसाआड ड्रेसिंग. दर वेळी पट्टी सुटताना मी बाईंच्या तोंडाकडं बघायची, जखमेकडं नाही. एका दिवशी त्या म्हणाल्या, "कोरडी आहे. आत गेलं नव्हतं. प्लेट वाचली." मी तिथंच पल्लवीच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. बाकीचे पेशंट बघत होते. बघू दे.

पुन्हा नांदेड

ड्युटीवर जायला दाखला लागतो, आणि तो ऑपरेशन केलेल्या डॉक्टरनंच द्यायचा असतो. म्हणून अडीच महिन्यांनी मी काठी टेकत त्या दवाखान्यात गेले. काय काय बोलायचं ते निलंग्यापासून घोकत गेले होते.

डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. "हाड एक नंबर जुळलंय." मग व्रण बघितला. मी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. माझा न चढवलेला आवाजसुद्धा शेवटच्या सीटपर्यंत जातो, ती गोष्ट वेगळी. ते म्हणाले, "सुट्टीच्या कागदावर लिहिलं होतं, ताई."

"दोन अक्षरं लिहिली होती, साहेब. आमच्या मालकाला ती तुमची सही वाटली."

त्यांनी कपाळाला हात लावला. माणूस वाईट नाही. हात सोन्याचा आहे, हे मी माझ्या हाडाची शपथ घेऊन सांगते. तोंड मात्र कुलूपबंद. त्यांनी माझ्या दाखल्यावर सही केली, आणि वॉर्डात राउंडला निघाले. मी त्यांच्यामागंच बाहेर पडले.

दाराजवळच्या खाटेवर हिमायतनगरकडची एक म्हातारी होती, नडगी मोडलेली. तिची त्या दिवशी सुट्टी होती. तिचा म्हातारा पिशवी आवळून उभा. डॉक्टर खाटेपाशी थांबले. माझी गोष्ट ऐकून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती हो! आणि म्हणाले, "हाड व्यवस्थित बसलंय, आजोबा. सहा आठवड्यांनी या. पिना-प्लेट दीड वर्षानं काढू."

म्हाताऱ्यानं मान हलवली. म्हातारीनं मान हलवली. अगदी आमच्यासारखी.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी काठी फरशीवर आपटली. "थांबा! कुणीबी उतरू नका!" तोंडातून गाडीतलंच निघालं. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. मी म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, आजीच्या पायाला बाहेरून दोरा हाय का पिना हायत, इचारा."

म्हातारा घाबरला. "आता ते मला काय म्हाईत, बाई."

"तुमाला म्हाईत न्हाई म्हणूनच इचारा. मला नका, त्यांना इचारा."

त्यानं पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, आमच्या हिच्या पायाला काय हाय जी? अन् ते कवा काढायचं?"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. सिस्टरच्या हातातला कागद परत घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "कातडीच्या वरच्या पिना. चौदाव्या दिवशी काढणे. पक्कड असलेल्या दवाखान्यात जाणे."

मी मोजत होते. पेन टेकल्यापासून उचलेपर्यंत मी सावकाश अकरापर्यंत पोचले, बस्स.